पुसणीला शिकवलेला नकार

न्हाय न्हाय, मारुतीराव, असं उठू नगासा — आधी ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला, मी खाली मुंडी घालून ऐकते. निपाणीस्नं भर उन्हातनं बसला लोंबकळत आलासा, आन् शालूबाईच्या दारातनं नुसतं भांडून परत गेलासा, असं व्हायचं न्हाय. बसा. पंखा तुमच्याकडं करते. आन् आवाज जरा मोठा काढा हं, खाली कापडाचे माग सुरू हायत — आमच्या वडगावात माग चालू असले की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत न्हाय, म्हणून तर आमी सगळी अशी ओरडून बोलतो, रागानं न्हवं. काय म्हणालासा? व्हय, वाचला की तो निरोप! मोबाईल माझ्या नाकाला लावल्यावर न वाचून सांगते कुणाला? 'आपला नकार पोचला. कु. मंजुश्री यांचे स्थळ सन्मानाने काढून टाकले आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' आता यातलं 'सन्मानाने' तेवढं माझं हाय, मीच घालाय लावलंवतं. बाकी स्थळ काढलं ते मी न्हवं. पुसणीनं काढलं.

पुसणी म्हंजे कोण बाई न्हवं, असं आत स्वयंपाकघराकडं बघू नगासा. ते हत्यार हाय, कॉम्प्युटरातलं. पाटी पुसायला चिंधी असती की न्हाय, तसं. आमच्या मंथननं केलेलं — मंथन म्हंजे माझ्या भावाचा पोरगा, ज्याच्यासाठी तुमच्या मंजुश्रीचं स्थळ मीच सुचवलं तोच, आई लवकर गेली म्हणून ह्या हातांनी वाढवलेला. तर आमचं हे वधू-वर मंडळ परवापरवापातूर सगळं माझ्या डोक्यात व्हतं. कुणाची पोरगी किती शिकलीया, कुणाच्या पोराचा एक पाय आखूड हाय, कुणाचा बाप सांजच्याला बोलण्याच्या लायकीचा राहत न्हाय — सगळं हितं, कपाळामागं. मंथन म्हणला, आत्या, तू काय अमरपट्टा घिऊन आलीस का? आन् त्येनं सगळं काढून कॉम्प्युटरात घातलं, वर एजंट ठेवले. एआयचे. एजंट म्हणल्यावर मला आरटीओच्या दारातला, कानाला पेन लावलेला माणूस आठवला — तसला न्हवं हा. हा दिसत न्हाय, जेवत न्हाय, च्या मागत न्हाय, रातध्याड काम करतो. एक एजंट लोकांचे मेसेज वाचतो, एक जोड्या बघतो, आन् एकाच्या हातात ही पुसणी दिल्या. लग्न ठरलेल्यांची, नकार दिलेल्यांची माहिती पुसून टाकायची — फोटो, पत्रिका, पगार, सगळं. लोकांच्या पोरींचे फोटो उगंच घरात ठेवू नयेत, हे मलाही पटतंय की.

पण हत्यार हातात दिलं म्हणून कुणाला वापराय येतंय व्हय? नव्या माणसाला मागावर बसवलं तर सांगाय लागतंच — हे ओढ, ह्याला हात लावू नगो, तार तुटली तर आधी माग थांबीव. तसंच ह्या एजंटला लिवून द्याय लागतं. हत्यार काय करतंय, कवा उचलायचं, कवा न्हाय. मंथन त्येला डॉक्युमेंटेशन म्हणतो, मी माहितीपत्रक म्हणते. पहिलं माहितीपत्रक त्येनंच लिवलं, इंग्रजीत, छान ऐटीत — 'समोरचा माणूस स्पष्ट नाही म्हणाला तरच पुसावे.' तुमी हसलासा! बघा, तुमाला सुदीक कळलं. अवो, आपल्याकडं स्पष्ट न्हाय कोण म्हणतंय? तुमी म्हणलासा कवा कुणाला? मी तरी ह्या जन्मात ऐकलं न्हाय. झालं काय, एक माणूस पुसला जाईना. बेळगुंदीचा भावकू — त्याचं लग्न होऊन पोरगं बालवाडीत जातंय, पण हिकडं कॉम्प्युटरात तो अजून उपवर, मिशीला पीळ देऊन उभा! 'लग्न ठरलं, आता नको' असं त्येच्या बापानं काय कळवलं न्हवतं, पत्रिका तेवढी पाठवलीवती लग्नाची. आन् एजंटनं त्याचं स्थळ पाठवलं कुणाला? त्याच्याच मेव्हणीला. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले. भावकूची बायको हितं आली तवा हातात केरसुणी व्हती, मारुतीराव, आन् तिच्यापरीस तिची सासू लई तापलीवती, कारण भावकूच्या लग्नात गुण अठराच जुळलेवते.

तवा मंथन म्हणला, आत्या, तूच लिव. एजंटला साध्या भाषेत सांगितलं तरी कळतंय, तू जसं मला सांगशील तसं सांग. मग मी बसले की! हितं, ह्याच खुर्चीवर. मी बोलत गेले, मोबाईल लिवत गेला. पहिली ती त्याची 'स्पष्ट नाही'ची ओळ काढून टाकाय लावली. म्हणलं, जे गावात घडतच न्हाय ते कशाला शिकवायचं? आन् मग सांगितलं, बाबा रे, आमच्या भागात नकार तोंडातनं येत न्हाय, आजूबाजूनं येतोय. 'बघू' म्हणलं की नकार. 'घरी इचारून कळवतो' — नकार. 'सुगी होऊ दे' — नकार. 'सध्या रस्ता लई खराब हाय, पावसाळा सरला की येतो' — हा तर पक्का, लोखंडी नकार. पोरगी बघाय आलेल्या माणसानं पोह्याला हात लावला न्हाय, पाणी तेवढं मागितलं, कुंदा पुढं केला तर 'शुगर हाय' म्हणला — समजून जा. पोरीबद्दल अवाक्षर न काढता तुमच्या घराचं, म्हशीचं, दारातल्या नारळाच्या झाडाचं कौतुक कराय लागला — उठ आन् पुस. आन् 'हातातलं काम सरलं की बघू' म्हणणाऱ्याचं काम कवाच सरत न्हाय, तेही पुस. कन्नड लोकंबी यायलेत आता मंडळात, म्हणून मी तेही घातलं, 'नोडोण' म्हणलं की आपलं 'बघू'च ते. दोन राज्यांची इतकी वर्षं भांडणं, मारुतीराव, पण न्हाय म्हणायची रीत बघा, एका मापानं शिवल्यासारखी!

का म्हणत न्हाईत न्हाय, हे मंथननं इचारलं मला. आता त्येला काय सांगायचं? शहापूर-वडगावात ज्येला पोरगी नाकारायची तोच सूत देणारा असतोय, न्हायतर त्येचा साडू, न्हायतर आपल्याच मागाचा दुरुस्तीवाला. उद्या जत्रेत समोर येतोय, परवा मयतीला खांदा द्यायला येतोय. तोंडावर न्हाय म्हणून कुठं जाणार? म्हणून 'कळवतो' म्हणायचं आन् कळवायचं न्हाय. सगळ्यांची अब्रू झाकली. — न्हाय, सगळ्यांची न्हाय. म्हणून शेवटी मी एक मोठी ओळ घातली, मंथनला म्हणलं ही जाड अक्षरात कर. 'नकार ओळखला की त्याच घडीला काढ. कुणाला वाट बघाय लावू नको.' मंथन म्हणला, आत्या, थोडे दिवस थांबू की, एकदा इचारून खात्री करू की. मी म्हणलं न्हाय. एक दिवस सुदीक न्हाय. काय हाय, वाट बघणारं घर — जाऊ दे. च्या गार झाला तुमचा, दुसरा करते. नको? बरं.

आता तुमी म्हणणार, एवढं शहाणपण शिकवलंसा तर मग माझ्या पोरीचं स्थळ का गेलं? तेच सांगाय लागल्ये की. काय झालं, आमच्या माहितीपत्रकाचा एजंटनं शब्दन् शब्द पाळला. माणसानं पाळला असता का एवढा? न्हाय. माणूस एक कान हितं ठेवतो, एक तितं. हा बाबा बसला की झाडून कामाला, मागचे जुने मेसेजबी सोडले न्हाईत! पहिलं गेलं कणकुंबी. अख्खं. तिकडं जंगलात रस्त्याची काय गत असत्या तुमाला ठाऊक हाय, पावसाळ्यात त्या माणसांनी रस्ता खराब न्हाय असं लिवलं तर ते खोटं ठरंल, तर तिकडच्या सगळ्यांनी खरं तेच लिवलं — 'रस्ता लई खराब हाय' — आन् पुसणीनं आख्खा गाव उपटून काढला, सन्मानाने. मग बेळगुंदी गेली, सुगीत सुगीचंच बोलतंय की माणूस. मग ज्यांनी ज्यांनी शुगर हाय लिवलं ते. आमच्यातली निम्मी वडीलधारी गोड खात न्हाईत, मारुतीराव, त्यात त्यांच्या पोरींचा काय दोष? यल्लाप्पाचं तर फोटोखाली लिवलेलं — 'घर प्रशस्त, दारात नारळ' — हे त्येनं स्वतःच्याच घराबद्दल लिवलेलं! नारळ दिसला की पुस, एवढंच एजंटला ठाऊक. तिथनं बिचारा मंडळाच्या भाईर पडला. गॅसवाला म्हणला, 'बघतो आक्का, गाडी आली की', तर त्याचा नंबर गेला. दुधवाला गेला. वीज बिलाची तक्रार घेणाऱ्या साहेबांनी 'कळवतो' म्हणलं, त्यांनाबी काढलं — तितं मात्र मला पुसणीचं काय चुकलं असं वाटलं न्हाय.

आन् खरी गंमत पुढंच हाय. मंथनला कळलं तसा तो धावत आला. एजंटला म्हणला, कणकुंबी परत आण. पुसलेलं लगीच जात न्हाय म्हणे, थोडे दिवस एका पेटीत पडून असतंय, तिथनं काढता येतंय. तर एजंटनं काय उत्तर द्यावं? म्हणतो — 'बघू.' मंथनचं तोंड बघण्यासारखं झालंवतं! परत म्हणला, बघू न्हाय, आत्ता आण. तर एजंट म्हणतो, 'आपले कार्यालय फार छान आहे. सणानंतर कळवतो.' अवो, त्येला न्हाय म्हणायचं व्हतं! माहितीपत्रकात लिवलेलं की काढलेलं स्थळ सहज परत आणू नको, त्याला ते करायचं न्हवतं, आन् न्हाय कसं म्हणायचं हे त्येला मीच शिकवलेलं, दुसरी रीतच ठाऊक न्हाय बिचाऱ्याला. मंथन डोक्याला हात लावून बसला. मी मात्र, खोटं कशाला बोलू, पदराआड हसले. म्हणलं, आता कुठं हा आपल्या भागातला झाला.

मग मंथननं रात्रीचा दिवस करून — तसा तो कामाला लई पक्का हाय, तेवढं तुमी मंजुश्रीला सांगा — एक नवीन नियम घातला. ज्याचं स्थळ चुकून गेलंय त्येनं, म्हंजे पोरीच्या न्हायतर पोराच्या वडीलधाऱ्यानं, स्वतःच्या तोंडानं मोबाईलमधी 'होय' म्हणायचं. नुसतं होय. की स्थळ जिथल्या तिथं परत. कणकुंबीची माणसं आली की, ट्रकमधनं आली, रांगेत उभी राहून होय होय म्हणून गेली. आता तुमचं तेवढं राहिलंय. आन् आज दिवस मावळला की ती पेटी रिकामी व्हणार, मग देव आला तरी परत येत न्हाय. म्हणून तर मी सकाळपासनं दाराकडं डोळे लावून बसले, मारुतीराव! तुमी आलासा तसा मला वाटलं, आला बाबा, झालं आपलं काम. हा बघा, मोबाईल हितं ठेवलाय तुमच्यापुढं, तो ऐकतोयच. म्हणा. 'होय' म्हणा, मी कुंद्याचा डबा फोडते.

अवो, मोबाईल मागं का सारलासा? मला कळतंय. पोरीच्या बापानं पोराच्या आत्याच्या घरात येऊन आधी होय म्हणायचं, हे तुमाला खाली मान घालायला लावल्यागत वाटतंय. तुमी म्हणाल, चूक तुमच्या यंत्राची, होय मी का म्हणू? खरं हाय. पण मी काय परकी हाय का? मंजुश्रीला मी बघितलं तवाच म्हणलं, ही आमच्या घरात आली तर मला मरताना काय काळजी न्हाय. शाळेत शिकवत्या, सरळ बघून बोलत्या, आन् मी 'तिखट चालतंय का' इचारलं तर 'चालत न्हाय' म्हणाली — सरळ! कुणी म्हणतंय का असं? मला लई आवडली ती. आन् चूक तर साधी दिसत्या. तुमी बसनं यायच्या आधी काय तरी लिवलं असंल — हायवेचं काम चाललंय, रस्ता खराब हाय, असं काय तरी — आन् पुसणीनं पकडलं. न्हाय? काय म्हणालासा? तुमी एक अक्षर लिवलं न्हवतं? फोन सुदीक केला न्हवता? मग मंजुश्रीच्या आईनं? तिला मोबाईल चालवाय येत न्हाय. बरं. मग — मग काय तरी दुसरं असंल. यंत्र हाय, चुकतंय.

मंथन काय म्हणला व्हय? पोरगी बघून आल्यावर? अवो, खुशीत व्हता की! मी दारातच गाठलं, म्हणलं, काय रं, कशी हाय? तर म्हणला, आत्या, घर काय छान हाय त्यांचं, जुनं सागवान, आजकाल बघाय मिळत न्हाय. हां, पोहे त्येनं तिथं खाल्ले न्हाईत, ते तुमच्या मनाला लागलं असंल, पण सकाळपासनं त्येचं पोट जरा बरं न्हवतं, पाणी तेवढं घेतलं म्हणला. आन् तुमच्या कुत्र्याचं तर किती कौतुक! किती गुणी कुत्रं, बसलं तिथनं हललं न्हाय. मी म्हणलं, कुत्रं राहू दे रं, मंजुश्री? तर म्हणला — हसला आन् म्हणला — आत्या, हे प्रोजेक्ट तेवढं सरू दे, मग बघू. एवढंच. आन् मी आनंदानं हाच मोबाईल घिऊन भावाला सांगाय लागले की, पोराला घर आवडलं, प्रोजेक्ट सरलं की —

...

न्हाय, काय न्हाय. पंखा जरा वाढवते.

तुमी असं बघू नगासा माझ्याकडं. पोट खरंच बिघडलंवतं त्येचं. बिघडलं असंल. संध्याकाळी मात्र त्येनं हितं ऑमलेट खाल्लं, ते — थांबा. थांबा, मी एजंटला इचारते, स्थळ का काढलं त्याचं कारण तो सांगतो. ए बाबा, निपाणीचं मंजुश्रीचं स्थळ का पुसलंस? — जरा मोठ्यानं बोल, माग चालू हायत. — ऐकलासा? ऐकलासा न्हाय? मी सांगते. म्हणतो, 'वराकडून नकार. पोहे नाकारले. घराचे कौतुक. कुत्र्याचे कौतुक. प्रोजेक्ट सरल्यावर बघू. माहितीपत्रकातील चारही खुणा जुळल्या.' 'आपला नकार' हा निरोप तेवढा साच्यातला, नकार कुणाचाबी असू दे, दोन्हीकडं तोच जातोय. भावाला फोनवर सांगताना त्येनं ऐकलं. माझ्याच तोंडनं ऐकलं. मी सगळ्या गावाचे नकार ऐकून डोक्याचे केस पांढरे झालेली बाई, मारुतीराव, मी घरातल्या पोराचं ऐकलंच न्हाय. ऐकलं, पण ओळखलं न्हाय. यंत्राला कळलं. कणकुंबीचं चुकलं, बेळगुंदीचं चुकलं, यल्लाप्पाच्या नारळाचं चुकलं — आन् एवढं एकच बरोबर निघालं. कालच तो बंगळूरला गेला, फोन उचलत न्हाय, मी म्हणलं कामात असंल.

तुमाला एक सांगू? कुणाला सांगितलं न्हाय, मंथनलाबी न्हाय. ती जाड अक्षरातली ओळ — वाट बघाय लावू नको म्हणून — ती मी का लिवली. मी लग्न का केलं न्हाय असं लोक इचारतात, मी म्हणते, दुसऱ्यांची जमवता जमवता माझं राहिलं. हसतात लोक. खोटं हाय ते. नंदगडचं एक स्थळ आलंवतं मला. पोरगा मास्तर, गोरा, लाजरा. बघून गेले, च्या निम्मा ठेवला, आमच्या दारातल्या नारळाच्या झाडाचं तोंडभरून कौतुक केलं, आन् उंबऱ्यात उभं राहून त्येच्या बापानं सांगितलं, सुगी झाली की कळवतो. माझा बाप साधा माणूस, मागाशिवाय दुसरं काय ठाऊक न्हाय. त्येला वाटलं, शब्द दिलाय. दुसरी स्थळं आली तर हा म्हणायचा, न्हाय, आमची नंदगडला बोलणी लागल्यात, सुगीनंतर कळवणार हायत. दर सुगी सरली की अंगण सारवून घ्यायचा. मीच सारवायची, माझ्या हातानं. मास्तराची पोरं शाळेत जायला लागली तवा आमाला कळलं. अजून कळवायचेत ते. त्या मास्तराचा राग न्हाय मला, मारुतीराव, खरंच न्हाय — त्येच्या बापानं तोंडावर 'न्हाय' म्हणलं असतं तर मी रात्रभर रडले असते आन् सकाळी दुसऱ्या कुणासाठी वेणी घातली असती. एवढं साधं व्हतं ते.

अगंबाई, करंट गेला. बघा, सगळे माग एकदम थांबले. केवढं गप्प झालं. आता हळू बोलला तरी ऐकू येतंय.

उठलासा? बसा की जरा... न्हाय, बसा म्हणायला तोंड न्हाय मला. काय म्हणालासा? 'घरी इचारून —'

नगा. मारुतीराव, तेवढं म्हणू नगासा. तुमच्या पाया पडते, ते एक म्हणू नगासा. तुमी चांगले हायसा, माझी अब्रू झाकाय बघताय, मला कळतंय. पण तुमी घरी कळवतो म्हणून जाणार, मंजुश्री दारात उभी असणार, तुमी तिला म्हणणार आज उद्यात कळंल, आन् मी हितं वेड्यासारखी मंथनला समजावत बसणार — त्येचं प्रोजेक्ट सरणार, दुसरं लागणार, आन् तुमच्या अंगणात कुणी तरी सारवत बसणार. त्यापरीस एकदा म्हणा. तोंडानं. आपल्यात कुणी म्हणत न्हाय ठाऊक हाय मला, पण आता माग सुदीक बंद हायत, तुमी आन् मी दोघंच, तुमच्या पोरीला सांगताना ताठ मानेनं सांगता येईल की मी न्हाय म्हणून आलो. त्यांनी न्हवं, मी. म्हणा. मी ऐकते.

...

बरं.

बरं झालं. — लई जड असतंय असं वाटलंवतं. इवलंसं हाय की.

हा बघा मेला मधीच बोलतोय. 'उत्तर समजले नाही. कृपया पुन्हा सांगा.' गप रं! त्येला कुठनं समजणार, मारुतीराव, तो शब्दच मी काढाय लावलाय त्येच्या माहितीपत्रकातनं. तुमी परत सांगू नगासा. मला समजलं.

कुंदा घिऊन जा, मंजुश्रीला म्हणावं आत्यानं दिलाय — न्हाय, आत्या म्हणू नगासा, शालूबाईनं म्हणा. पायरीवर जपून. आन् सावकाश जावा, घाई न्हाय. रस्ता चांगला हाय.